संज्या पोरांना इमॅजिकाला नेतोय आणि बापू प्लॅन देतोय

पुणे-सातारा रस्त्यावरच्या खंबाटकी घाटातल्या ट्रॅफिकचा एक व्हिडिओ तोपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर येऊन गेलेला, त्यामुळं दिवाळीच्या सुट्टीत पोरांना इमॅजिकाला, म्हणजे खोपोलीजवळच्या राईडवाल्या पार्कला, न्यायचंय असं आमचा संज्या बोलल्याबरोबर साताऱ्यात राजवाड्याच्या चौपाटीवर निम्म्या लोकांनी कपाळाला हात लावला. थोरला नऊचा, धाकटी चारची, बरोबर संज्याची आई, आणि घरातलं कुणीच असल्या पार्कात कधी गेलेलं नाही.

बापूनं लगेच सूत्रं हातात घेतली. "पहाटे तीनला सातारा सोडायचा. गेट उघडायच्या आत दारात. सकाळी राईड, दुपारी वॉटर पार्क, संध्याकाळी परेड बघायची, रात्री एकपर्यंत घरी. लॉजचा खर्च शून्य!"

"आणि पोरं?" शैलानं विचारलं.

"पोरांचं काय, पोरं एन्जॉय करत्यात."

शैला झेडपीच्या शाळेत शिकवते, सहली नेऊन नेऊन तिला पोरांचं सगळं पाठ झालंय. ती म्हणाली, "तीनला उठवलेली चार वर्षांची पोरगी पहिल्याच रांगेत भोकाड पसरणार. तू तिकिटाला किती घातलेस ते तिला कळत नाही बापू, तिला झोप आलेली असते."

मला तर बापूच्या प्लॅनमधलं परतीचं ऐकूनच धस्स झालं. पुण्यापर्यंतच शंभरावर किलोमीटर, मग एक्सप्रेस वे, लोणावळ्याचा घाट उतरून खोपोली, दिवसभर उन्हात उभं राहायचं आणि तेवढंच अंतर परत, त्यात खंबाटकी शेवटी, म्हणजे गाडी चालवणाऱ्याचे डोळे मिटायला लागतात तेव्हा. मागं पोरं झोपलेली असताना असं कुणी गाडी चालवू नये, मी संज्याला तिथंच सांगितलं, आदल्या रात्री पुण्यात मामाकडं नाहीतर लोणावळ्यात मुक्काम कर आणि परतीलाही घाई करू नको. यावर खंबाटकीच्या नव्या बोगद्याचा विषय निघाला आणि पंधरा मिनिटं राजकारणच चाललं, ते इथं लिहीत नाही.

बापू मात्र दोन्ही पार्क एकाच दिवसात यावर अडून बसला. थीम पार्क 2013 ला सुरू झालं, वॉटर पार्क त्याच्या पुढच्या वर्षी, दोन्हीची तिकिटं वेगळी, प्रत्येकात दिवस जातो, हे सगळं सांगून झालं तरी त्याचं एकच, "आम्ही शाळेतनं एस्सेलवर्ल्डला गेलेलो, गोराईला बोटीनं, एक पाळणा सोडला नव्हता!"

"लेका तू तेव्हा सातवीत होतास," संज्या म्हणाला, "आणि ते आता बंदसुद्धा पडलं."

शैलाचं म्हणणं, पहिल्या वेळी एकच पार्क. आणि शक्य असेल तर सुट्टीचा आठवडा सोडून मंगळवार-बुधवार गाठ, "एक दिवस शाळा बुडाली तर बुडू दे, मास्तरीण सांगतीय तुला." दुपारी ऊन तापलं की पोरांना एसीतल्या शोमध्ये नाहीतर सावलीत बसवायचं, धाकटी झोपली तर झोपू द्यायची.

मग उंचीचा मुद्दा निघाला. नायट्रोवर बसायचं म्हणून थोरला आत्तापासून नाचतोय. पायाखाली फरशीच नाही असला कोस्टर तो, पाच वेळा उलटा करतो, उंची बसल्याशिवाय घेत नाहीत. बापू म्हणाला, "बुटात कापड कोंब, इंचभर वाढतंय की!"

शैला एवढी तापलेली मी क्वचित बघितली. "ती उंचीची पट्टी पोरांना हिणवायला लावलेली नसते. अंगावर येणारा बार ज्या मापासाठी केलाय त्याच मापाच्या अंगाला धरून ठेवतो. पोरगं लहान असेल तर ते बारातनं निसटतं. कापड कोंबून बार धरणाराय का?"

बापू गप्प. ती संज्याला म्हणाली, "घरीच दाराला उभं करून सेंटीमीटरमध्ये उंची मोज, साईटवर अटी वाचून घे, आणि काय मिळणार नाही ते आजच सांग पोराला. एवढा प्रवास करून रांगेच्या टोकाला 'नाही' ऐकणं लई वाईट असतं."

हे एकच जरी संज्यानं ऐकलं तरी अर्धी ट्रिप सुखाची होईल असं माझं मत.

आईचं काय, यावर बापू म्हणाला, काकी पिशव्या सांभाळतील. "पिशव्यांना लॉकर भाड्यानं मिळतो," शैला म्हणाली, "काकींना पिशव्या राखायला नेणार असशील तर घरीच राहू दे, निदान टीव्ही तरी बघतील." बसून बघायचे शो असतात, परेड असते, त्यांचाही दिवस आहेच की. पुढंमागं वॉटर पार्कला गेलास तर साडी किंवा सुती कपड्यात पाण्यात सोडत नाहीत, सुती कापड भिजून जड होतं, धागे निघतात ते फिल्टरमध्ये जातात, तेव्हा नायलॉनचे कपडे घरूनच ने, नाहीतर तिथं भाडं भरत बसशील.

खाण्यावरून परत बापू. म्हणे, बॅगेच्या तळाला दशम्या, वर टॉवेल. आरं, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, गेटवर पोरांसमोर बॅगा उपसायला लावायच्या का? दशम्या पार्किंगमध्ये गाडीतच पोटभर खा आणि मग आत जा. धाकटीचं काही वेगळं लागत असेल तर आधी फोन करून विचार.

मी एवढंच सांगितलं की सकाळी आत जाताना दोन्ही पोरांचा त्या दिवसाच्या कपड्यातला फोटो काढून ठेव आणि मनगटावर बॉलपेननं मोबाईल नंबर लिही. गर्दीत पोरगं चुकलं तर आपल्याला शर्टाचा रंगसुद्धा आठवत नाही.

"आणि भीती वाटली तर?" संज्यानं विचारलं.

"भीतीबीती काय नसतं, उचलून बसवायचं," इति बापू.

"असं?" शैला म्हणाली. "पुसेगावच्या यात्रेत पाळण्यात डोळे मिटून 'मामा थांबवा, मामा थांबवा' कोण वरडत होतं?"

"तो पाळणा ढिला होता!"

"पाळणा शेजारच्या पोरींना नव्हता वाटत ढिला."

मग काय, भेळवाला पण हसायला लागला. बापू लालबुंद. संज्यानं त्याच्या खांद्यावर हात टाकला, "चल की तू पण, छोट्या राईडला धाकटीबरोबर मोठं माणूस लागतंच."

बापू जरा विचार करून म्हणाला, "पेट्रोल कोण घालणार?"

"आधी मागच्या कासच्या ट्रिपचं दे!" सगळे एकदम ओरडलो.