गाणं ऐकायला गेलो, शाली मोजून आलो

तेवीस. मी नाही, आत्यानं मोजल्या. कोल्हापुरातल्या गाण्याच्या कार्यक्रमात तेवीस शाली, तेवीस नारळ आणि गाणं जेमतेम एक तास. तिकीट तीनशे रुपये. म्हणजे बघा, शाल साधारण तेरा रुपयाला पडली, आणि तीही दुसऱ्याच्या खांद्यावर.

आत्या गडहिंग्लजची. वय पंचाहत्तरच्या पुढं, गुडघे बोलायला लागलेत. लग्नाआधी पाच-सहा वर्षं गाणं शिकलेली, पुढं संसारात ते राहिलं. पावसाळी मैफल आहे, मियाँ मल्हार हा राग गाणार आहेत, एवढं फोनवर सांगितलं तर भर आषाढाच्या पावसात एसटी धरून आली. सहा म्हणजे सहाला पत्रिकेत लिहिलेलं, म्हणून पावणेसहाला आम्ही खुर्चीत. हॉलमध्ये आम्ही दोघं, अकरा माणसं आणि सतरंजी झटकणारा पोरगा.

सहा चाळीसला निवेदक आले. "प्रमुख पाहुणे गंगावेशीत पोचलेत." ते गंगावेशीतनं हॉलपर्यंत यायला आणखी अर्धा तास लागला. काय रांगत आले काय, कुणास ठाऊक. आले तर त्यांच्यामागनं पंधरा माणसं, आणि पुढच्या दोन रांगांवर 'राखीव' चिकटवलेलं ते ह्यांच्यासाठी होतं हे तेव्हा कळलं.

मग समई. वर पंखा गरगरतोय, वात पेटंना. पंखा बंद करा हे कुणाला सुचलं नाही, पण काडेपेटीतली प्रत्येक काडी ओढताना फोटोग्राफर मात्र "साहेब, इकडं बघा" म्हणत होता. मग स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, ओळख करून देणाऱ्याची ओळख. फेटे बांधायला वेगळा माणूस आणलेला. फेटा बांधून होईस्तोवर सगळ्यांनी गप्प बघत बसायचं.

आणि हे सगळं चाललेलं असताना गाणारी बाई कुठं? स्टेजवरच! एका कडेला, दोन तानपुऱ्यांच्या मध्ये, मांडी घालून, हसू चेहऱ्यावर चिकटवून. तानपुरे आत नीट लावून आणलेले. बाहेर पाऊस, आत दमट हवा, वर लाइटांचा भगभगाट. तासभर तसंच ठेवल्यावर तारा जागेवर राहतात होय? मागं बसलेली पोरगी हळूच कानाशी घेऊन खुंटी पिळत होती. तबलजीनं हातोडी काढली, गठ्ठ्यावर दोन ठोके मारले, तर निवेदक माइकवर म्हणतो, "कलाकारांची जुळवाजुळव चालू आहे, तोवर आपण आणखी तीन सत्कार उरकून घेऊ."

उरकून! त्याच्या तोंडातनं हा एकच शब्द खरा निघाला.

भाषणात 'कोल्हापूर म्हणजे कलापूर' मी सात वेळा ऐकलं. एका वक्त्यानं तर अल्लादियाखाँसाहेबांचं नाव घेताना अब्दुल करीम खाँ म्हणून टाकलं. अहो, अब्दुल करीम मिरजेचे, घराणं किराणा! ज्या अल्लादियाखाँना शाहू महाराजांनी दरबारात मानानं ठेवून घेतलं, ज्यांच्यामुळं जयपूर-अत्रौलीची गायकी ह्या गावात रुजली, त्यांचं नाव ह्या गावात उभं राहून चुकायचं? मागनं कुणीतरी खोकलं. पुढच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या.

आठ पंचवीसला पहिला सा लागला.

आणि लागला तो असा लागला की मी अडीच तासांचा राग क्षणभर विसरलो, खोटं कशाला सांगू. विलंबित तीनताल, घाई नाही. मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात उतरून कोमल निषाद, धैवत, मग शुद्ध निषाद, आणि तिथनं षड्जावर टेकणं. दोन निषाद असे शेजारी शेजारी ठेवले की ढग खाली उतरल्यासारखं वाटतं. गंधार हलत होता, पण हलतोय हे दाखवत नव्हता. आत्याचा हात माझ्या मनगटावर होता, समेला, तालाच्या पहिल्या मात्रेला दाबायची. मध्यात येऊन आता कुठं रागाची बढत, त्याचा विस्तार रंगायला लागला होता, तेवढ्यात एक पोरगं वाकून, जणू आपण दिसतच नाही अशा थाटात, स्टेजवर गेलं आणि बाईंच्या पुढ्यात चिठ्ठी ठेवली.

वेळ झाली म्हणे. हॉल दहाला रिकामा करून द्यायचाय.

चाळीस मिनिटांत मियाँ मल्हार गुंडाळला. द्रुत, म्हणजे जलद गाणं सुरू झालं न झालं तोच शेवटची तिहाई. दरबारी, मालकंस असल्या रागांना रात्र चढावी लागते, ते हॉलच्या घड्याळानं कधीच बाद केलेत. मल्हाराचं तेवढं बरं, पावसाळ्यात त्याला वेळेचं बंधन नाही. त्याच्याही नरडीवर पाय दिलात?

बरं, दहाची एवढी घाई, तर मग थेट शेवटची भैरवी घ्या. छ्या! लगेच मध्यंतर, आणि मध्यंतरात प्रायोजकांचे राहिलेले सत्कार. वीस मिनिटं. तबलजीला शाल द्यायला बोलावलं तर तो बिचारा चहा पिऊन यायचा होता, म्हणून त्याची शाल संवादिनीवाल्याकडं दिली. मग मागनं एक आवाज, "अभंग होऊन जाऊ दे!" झाला अभंग. नऊ पन्नासला भैरवी, आणि भैरवीच्या पहिल्या आलापाला निम्मा हॉल चपला शोधायला उठला. दारात वॉचमन किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभा. तोही लयीत नव्हता.

अल्लादियाखाँच्या शिष्या केसरबाई केरकर, त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. साडेतीन मिनिटांची. तेव्हाच्या तबकडीवर एका बाजूला मावायचंच तेवढं, ती नाइलाजाची गोष्ट होती. पण ती साडेतीन मिनिटं अजून चाललीत बघा, कुणी मध्येच नारळ घेऊन आडवं येत नाही. कोल्हापूरच्या मातीतल्या गायकीला निवांतपणा हवा असेल तर सूर्यमालेच्या बाहेर जावं लागतंय, असा विषय आहे.

पावसाळ्यात इथल्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं की पुराचा इशारा, ४३ ला धोका. पट्टी लावलीय, सगळ्या गावाला पाठ आहे. सत्कारालाही अशी एक पट्टी स्टेजवर उभी करा की! पाच शालींना इशारा, सातला लोकांचं स्थलांतर.

आणि गंमत पुढंच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फेटेवाल्यांपैकी एकाचं स्टेटस. बारा सेकंदांची क्लिप, खाली 'काल मल्हारात चिंब भिजलो'. अरे भावा, तू दुसऱ्या रांगेत माझ्या पुढ्यात बसला होतास, फोनवर ट्रॅक्टरच्या हप्त्याचं बोलत होतास! कुठं भिजलास? वर ह्यानंच जूनमध्ये 'पावसाळी गाणी' म्हणून चाळीस गाण्यांची यादी सगळ्यांना पाठवलेली, न ऐकता. दिवाळीला पहाटगाणी पाठवेल, श्रावणात आणखी काही. ऑगस्ट २०२४ मध्ये इथलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हाही सगळ्यात आधी ह्याचाच रडवेला फोटो. दुःख खरं असेल, मी नाही म्हणत नाही. पण हॉल उभा असताना आत बसून गाणं ऐकायचं असतं, हे ह्याला कुणी सांगायचं?

पेपरातही फोटो आला. नऊ माणसं, नऊ फेटे. गाणारी बाई डावीकडं, निम्मी कापलेली.

आज सकाळी पुढच्या कार्यक्रमाची पत्रिका आली. चौदा नावं ठळक अक्षरात, गायकाचं नाव तळाला, मंडप डेकोरेटर्सच्या वर. 'ठीक सहा वाजता.' आत्याला फोन केला, म्हटलं, "येणार असशील तर ये, पण ह्या वेळी घरात जेवून निवांत साडेआठला जायचं."

आत्या म्हणाली, "साडेआठ? लवकर होतंय रे."