डायबेटिसच्या तपासणीत हात का नाहीत?

डायबेटिस म्हटलं की डोळे, किडनी, हृदय आणि पाय, ही यादी आता बहुतेकांना तोंडपाठ झालीये. हातांचं नाव त्यात क्वचितच येतं, आणि मला ते फार खटकतं. बोटं आखडली, पकड सैल पडली की पेशंट म्हणतो वय झालं, घरचे म्हणतात काम जास्त झालं असेल. विषय तिथेच संपतो.

माझ्या आईची अनामिका सकाळी तळहाताकडे दुमडलेलीच असायची. सरळ करायला गेली की मध्येच अडायची, मग टक्कन सुटायची आणि कळ तळव्यापर्यंत जायची. हे ट्रिगर फिंगर. बोट वाकवणारा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, ज्या आवरणातून सरकतो, त्याचं तोंड जाड होतं आणि टेंडन तिथे अडकतो. एरवी हा त्रास शंभरात दोन-तीन जणांना होतो, डायबेटिस असलेल्यांत साधारण दहा जणांना. आई सगळ्या तपासण्या वेळच्या वेळी करायची, पण बोट दाखवायचं तिच्या कधी मनातच आलं नाही. तिला तरी कुणी विचारलं होतं?

रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती कोलॅजन या शरीराला बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाला चिकटते, त्याचे धागे एकमेकांत गुंततात आणि ताठर होतात. त्वचा, टेंडन, सांध्यांभोवतीचं आवरण, सगळंच कडक होत जातं. दोन्ही हात नमस्कारासारखे जोडा आणि कोपरं बाजूला उचला. तळवे आणि बोटं पूर्ण टेकत नसतील, मध्ये फट राहत असेल, तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. हा ताठरपणा बहुधा दुखत नाही, म्हणूनच तो सहज निसटतो.

मुंग्यांचं तसं नसतं, त्या झोप मोडतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होतं, माणूस उठून हात झटकत बसतो. मनगटात नस दबल्याचं हे लक्षण, म्हणजे कार्पल टनेल. दुर्लक्ष केलं तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा झिजून सपाट होतो, आणि मग चिमटीत धरलेली वस्तू निसटायला लागते.

त्यात डायबेटिसमध्ये स्नायूंचीही झीज होते. पकडीची ताकद मोजणारं डायनॅमोमीटर नावाचं साधं यंत्र असतं, दाबायचं आणि आकडा वाचायचा. आशियाई लोकांसाठीच्या 2019 च्या निकषांनुसार पुरुषांत 28 किलोपेक्षा आणि स्त्रियांत 18 किलोपेक्षा कमी पकड म्हणजे स्नायू अशक्त झाल्याची शंका घ्यायची. मिनिटभराचं काम आहे. प्रत्येक डायबेटिस क्लिनिकमध्ये हे यंत्र असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

या आजाराचे उपचारच मुळात हातांवर चालतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची. शुगर तपासायला डबीतून बारीकशी स्ट्रिप काढायची, ती मशीनमध्ये सरळ बसवायची, बोटाला टोचून थेंब काढायचा. इन्सुलिन पेनचा आकडा फिरवायचा, बटण शेवटपर्यंत दाबायचं आणि काही सेकंद तसंच धरून ठेवायचं. अंगठ्यात जोर नसेल तर डोस अर्धवट जाऊ शकतो. मग शुगर वाढलेली दिसते आणि डोस वाढवला जातो. पेशंटला एकदा समोर पेन वापरायला सांगितलं तर हे लगेच लक्षात येईल.

यातल्या बऱ्याच त्रासांवर उपाय आहेत: रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा (स्प्लिंट), फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम, गरज पडली तर छोटं ऑपरेशन. अडकलेल्या बोटात स्टिरॉइडचं इंजेक्शनही देतात, पण त्याने काही दिवस शुगर वाढते. तेव्हा हाडांच्या डॉक्टरांना डायबेटिस आहे हे आधी सांगा, आणि त्या दिवसांत शुगर किती वेळा तपासायची, औषधात बदल करायचा का, हे शुगरच्या डॉक्टरांना इंजेक्शन घेण्यापूर्वीच विचारून ठेवा.