चोवीस एक्सचा स्कोप आणि पन्नाशीचे डोळे: त्या फॉरवर्डचा प्रतिवाद

ठाणे-नवी मुंबईच्या नेमबाजी ग्रुप्सवर सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय, पन्नाशी उलटलेल्यांनी पॉइंट टू टू (.२२ इंची) रायफलवर कोणता स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, लावावा म्हणून. खाली कुणाचं नाव नाही, पण भाषा अशी ठाम की वाचणाऱ्याला वाटावं लिहिणारा डोळ्यांचा डॉक्टरही आहे आणि कोचही. माझं नौपाड्यात चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांचे नंबर काढतो आणि रविवारी जमलं तर रायफल घेऊन आडवा पडतो, त्यामुळे हा मेसेज दोन्ही बाजूंनी डोक्यात गेला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: नजर कमी झाली तर झूम वाढवा, किमान २४ एक्स (म्हणजे २४ पट मोठं दाखवणारा). पुढची काच ५० एमएमचीच हवी. ५० मीटरवर पॅरालॅक्स (डोळा हलला की नेमाची खूण टार्गेटवरून सरकणं) वगैरे बघायची गरज नाही. चष्मा काढून ठेवा, आयपीस (डोळ्याकडची काच) फिरवला की नंबर जुळतो. बजेट नसेल तर रेड डॉट (काचेवर लाल ठिपका दाखवणारी साइट) घ्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन जमेल तितकं पुढे ढकला, गोळी सुटतानाच्या धक्क्याने आतली लेन्स सरकते. आणि शेवटी, एवढं केलंत की स्पर्धेत उतरायला मोकळे.

झूमपासून सुरू करू, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. चाळिशीनंतर डोळ्यातली लेन्स कडक होत जाते आणि जवळ-लांब असा फोकस बदलायची ताकद कमी होते, साठीपर्यंत ती जवळपास संपतेच. म्हणजे बिघडतो तो फोकस, लांबचं दिसणं त्यामुळे कमी होत नाही. उघड्या साइटवर आपली पंचाईत होते कारण मागची साइट डोळ्यासमोर, पुढची साधारण मीटरभर लांब आणि टार्गेट ५० मीटरवर, आणि म्हाताऱ्या डोळ्याला तिन्हीवर उड्या मारणं जमत नाही. स्कोप काय करतो, तर क्रॉसहेअर (आतली नेमाची फुली) आणि टार्गेट एकाच पातळीवर आणून ठेवतो, डोळ्याला एकाच ठिकाणी बघायचं असतं. हे काम ४ एक्सचा स्कोपही तितकंच चोख करतो, त्याला २४ लागत नाही.

आता हिशोब. ५० मीटरच्या रायफल टार्गेटचं दहाचं वर्तुळ १०.४ एमएमचं असतं, म्हणजे कोनात मोजलं तर पाऊण मिनिटाच्या आसपास (एका अंशाची साठ मिनिटं). ६/६ नजरेचा माणूस साधारण एक मिनिटाचा तपशील ओळखतो. १० एक्सवर तेच वर्तुळ सात मिनिटांचं होतं, म्हणजे चष्मा लावूनही नजर ६/१२ वर अडकलेल्या माणसाला ते आरामात कळतं. मग २४ ने जास्त काय मिळतं? धडधड मिळते. हात जेवढा हलायचा तेवढाच हलतो पण आता तो अडीच पट मोठा दिसतो, माणूस घाबरून क्रॉसहेअर दहावरून जाताना ट्रिगर झटकतो आणि गोळी आठात. शिवाय २४ वर ५० मीटरवरचा जेमतेम पाऊण मीटर रुंदीचा तुकडा दिसतो, त्यामुळे बाजूच्या लेनच्या कागदावर गोळी घालून आलेले महाभाग पण आहेत.

दुसरी भानगड कमी लोकांना माहिती असते. पुढच्या काचेचा व्यास भागिले झूम, एवढा प्रकाशाचा गोल मागून बाहेर पडतो. ५० भागिले २४ म्हणजे दोन एमएमच्या आसपास. डोळा त्या दोन एमएममधून जरा हलला की कडेने काळं. मान आखडलेल्या माणसाला दर शॉटला डोकं तिथेच आणून ठेवायला सांगणं म्हणजे छळ आहे. आणि पन्नाशीनंतर डोळ्यासमोर ज्या माश्या तरंगतात ना, त्या गोल लहान असला की जास्त ठळक दिसतात, मग लोक दुकानात येऊन म्हणतात स्कोपच्या काचेवर काहीतरी आहे, पुसून द्या.

हां, एक मान्य. रायफल टेबलावर, पुढे-मागे सँडबॅग, माणूस खुर्चीत बसलेला, असं बेंचरेस्ट करत असाल तर २४ काय ३६ सुद्धा लोक वापरतात आणि बरोबर वापरतात, कारण तिथे धडधड दिसतच नाही. पण फॉरवर्ड वाचणारे बहुतेक जण आडवे पडून किंवा उभ्याने मारतात. त्यांना ४ ते १२ किंवा ३ ते ९ एक्स झूमचा पुरेसा आहे, आणि १२ वाला सुद्धा आठ-दहावरच वापरला जाईल.

५० एमएमची काच. थोडक्यात सांगतो. तरुणपणी अंधारात बाहुली ७ एमएमपर्यंत उघडते, साठीत ती पाचवर किंवा त्याच्याही खाली येते, आणि दिवसाउजेडी दोन-तीनच असते. ४० एमएमचा स्कोप १० एक्सवर ४ एमएमचा गोल देतो. बाहुलीपेक्षा जास्त आलेला प्रकाश बुबुळावर पडून वाया. मोठ्या गोलाने डोकं ठेवायला जरा मोकळीक मिळते हे खरं, पण मोठ्या काचेला उंच रिंग लागतात, उंच रिंग म्हणजे गाल स्टॉकवरून उचलला जातो, आणि गाल उचलला की डोकं कुठे राहील याचा नेम नाही. दिली तेवढी मोकळीक परत काढून घेतली.

पॅरालॅक्सवर मात्र मी थांबणार आहे, कारण फॉरवर्डमधली सगळ्यात नुकसान करणारी ओळ हीच आहे. "५० मीटरवर पॅरालॅक्स लागत नाही." उलट आहे! फिक्स पॅरालॅक्सचे (एकाच अंतराला जुळवलेले) मोठ्या रायफलचे स्कोप बहुतेक १०० यार्डांना, म्हणजे ९१ मीटरला जुळवून येतात. असा ४० एमएमचा स्कोप पॉइंट टू टू वर लावून ५० मीटरवर मारला आणि डोळा गोलाच्या अगदी कडेला गेला, तर क्रॉसहेअर दहाच्या मधोमध दिसत असताना गोळी ९ एमएमपर्यंत बाजूला जाऊ शकते. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ५.२ आहे, म्हणजे शॉट परफेक्ट सुटला, ट्रिगर परफेक्ट, आणि दहा हुकला. ५० एमएमची काच असेल तर हीच चूक ११ एमएमच्या वर जाते. १० मीटरच्या एअर रायफलवर तोच ४० एमएमचा स्कोप लावला तर १८ एमएमच्या आसपास, तिथे दहा म्हणजे अर्ध्या एमएमचा ठिपका असतो, बोलायलाच नको. हा सगळा जास्तीत जास्तचा आकडा आहे, डोळा बरोबर मधे असेल तर चूक शून्य. पण डोळा बरोबर मधे ठेवणं हेच तर वयानुसार अवघड होतं.

म्हणून रिमफायरसाठी (पॉइंट टू टू त्यातलीच) बनवलेला, ५० यार्डांच्या आसपास जुळवलेला स्कोप घ्या, नाहीतर पुढच्या काचेवर किंवा बाजूच्या नॉबवर पॅरालॅक्स फिरवता येणारा. नॉबवरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, स्वस्त स्कोपमध्ये ५० लिहिलेलं असतं आणि खरं जुळतं भलतीकडेच. तपासायची पद्धत सोपी आहे: रायफल रिकामी, बोल्ट उघडा, सँडबॅगवर अशी बसवा की हात न लावता क्रॉसहेअर काळ्या गोलावर राहील. मग रायफलला अजिबात स्पर्श न करता डोकं हळू वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर कागदावर सरकताना दिसला तर नॉब जरा फिरवा, परत बघा. सरकायचा थांबला की तिथे स्केचपेनने खूण करा, तीच तुमची ५० मीटरची जागा.

आता चष्मा. यात अर्धं खरं आहे म्हणून ते जास्त धोकादायक. आयपीस फिरवून क्रॉसहेअर स्पष्ट करता येतो आणि साधा प्लस किंवा मायनस नंबर दोन-तीनच्या आत असेल तर बऱ्याच स्कोपमध्ये तो भरूनही निघतो. पण सिलिंडर नंबर (आडव्या-उभ्या दिशेला वेगवेगळा असलेला नंबर) आयपीसने जात नाही, कितीही फिरवा, आणि पन्नाशीच्या पुढच्या भरपूर लोकांना थोडाफार सिलिंडर असतो. दुसरं म्हणजे रिमफायरच्या काडतुसाची कड पातळ असते, क्वचित फुटली तर गरम गॅस आणि पितळेचे कण मागे येतात. रेंजवर चष्म्याविना डोळा उघडा टाकायचा सल्ला कुणी देऊच नये.

खरा घोळ प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत वर लांबचा, खाली जवळचा नंबर असलेल्या) चष्म्याने होतो. ऐरोलीचे एक काका स्कोप खराब आहे म्हणून बदलायला निघाले होते. त्यांना दुकानातच गादीवर पालथं झोपवलं, हातात छत्री दिली रायफल म्हणून, आणि बाजूने बघितलं. पडून मारताना डोकं पुढे झुकतं, नजर चष्म्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यातून, नाकाच्या बाजूने जाते. प्रोग्रेसिव्हमध्ये लांबचा नंबर वर असला तरी फ्रेमच्या अगदी कडेला काच तितकी स्वच्छ नसते, आणि काका तर स्पष्ट दिसावं म्हणून हनुवटी वर करून मधल्या पट्ट्यातून बघत होते. मानेला रग लागणारच. त्यांना फक्त लांबच्या नंबरचा, सिलिंडरसकट, मोठ्या काचेचा साधा चष्मा करून दिला. स्कोप तोच राहिला. स्कोपमधलं चित्र डोळ्याला लांबचंच वाटतं, त्याला जवळचा नंबर लागत नाही, ही गोष्ट लोकांना पटवताना माझा घसा बसतो.

आयपीस जुळवताना तोच चष्मा घाला, स्कोप पांढऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे धरा (सूर्याकडे चुकूनही नाही), दोन सेकंद बघा, नजर काढा, जरा फिरवा, परत दोन सेकंद. टक लावून बघत बसलात तर डोळा स्वतः जुळवून घेतो आणि अर्ध्या तासाने दुखायला लागतो. आणि टार्गेट धूसर असेल तर आयपीसला हात लावायचा नाही, ते पॅरालॅक्सच्या नॉबचं काम.

रेड डॉटवर एकच ओळ: सिलिंडर नंबर असलेल्याला तो ठिपका शेपूट फुटलेला दिसतो, झूम शून्य, ५० मीटरच्या कागदावर त्याचा उपयोग नाही.

फॉरवर्डमध्ये जे यायला हवं होतं ते नाहीच. आपल्याकडच्या पावसाळ्यात एसी गाडीतून उतरून केस उघडली की काचेवर बाहेरून वाफ धरते. स्कोप आत नायट्रोजन भरलेला आणि सीलबंद असेल तर आतून धरत नाही. दमट कपाटात चार महिने ठेवलेल्या स्कोपच्या काचेवर बुरशीची जाळी धरलेली मी बघितलीय, कॅमेऱ्याच्या लेन्सवरही तसंच. सिलिका जेलची पाकिटं, डबा घट्ट, बास. कॉन्ट्रास्ट आधीच कमी झालेल्या डोळ्याला अशी काच आणखी मारते.

मोतीबिंदूचा मुद्दा वाचून मात्र संताप आला. मोतीबिंदूने चित्र पिवळट होतं, धुरकट होतं, उजेडात चमक मारते. स्कोप तेच धुकं मोठं करून दाखवणार. हल्ली छेद दोन-तीन एमएमचा असतो, बहुतेकदा टाका पडत नाही, आणि पॉइंट टू टू चा धक्का तो किती! रेंजवर परत कधी जायचं ते सर्जनला विचारा, व्हॉट्सॲपला नाही. त्याच्याशी बोलताना दोन गोष्टी आधी सांगा. एक, नेमबाजी करता. मल्टिफोकल (लांब-जवळ दोन्हीसाठीची) लेन्स प्रकाश वाटून टाकते, कॉन्ट्रास्ट घटतो, दिव्याभोवती वलयं दिसतात, कागदावर मारणाऱ्याला साधी लांबची लेन्स बरी पडते. दुसरी, कोणत्या डोळ्याने मारता. कधीकधी एक डोळा लांबसाठी आणि एक जवळसाठी ठेवतात, आणि लांबसाठी सहसा प्रबळ डोळा निवडतात. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा प्रबळ डोळा डावा असला तर नेम धरायचा डोळाच जवळचा होऊन बसेल.

राहिली स्पर्धा. आयएसएसएफच्या (नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना) ५० मीटर आणि १० मीटर रायफल प्रकारांत रायफलवर दुर्बीण चालतच नाही, पीप साइटच (बारीक भोकातून बघायची, काचेविना) लावावी लागते. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं ते पीपवरच. म्हणजे फॉरवर्ड वाचून स्कोप घेतलेला माणूस सरावापुरता आणि क्लबच्या मजेपुरता उरतो, हे त्याला पैसे देण्याआधी कळायला हवं. वयाचा मात्र बाऊ नको. स्वीडनच्या ऑस्कर स्वानने १९२० ला अँटवर्पमध्ये ७२ व्या वर्षी ऑलिम्पिक मेडल घेतलंय, आणि आपली राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये उभी राहिली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष, लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर, साठी ओलांडलेले होते.

पीपवर मारायचं असेल तर बारीक भोकामुळे फोकसची खोली आपोआप वाढते, त्यात लांबच्या नंबरावर साधारण अर्धा प्लस वाढवून दिला की पुढची साइट कडक होते आणि टार्गेट थोडंसंच मऊ राहतं. नंबर काढायला येताना रायफल आणू नका, बरणी फोडाल. ब्लाइंडर (दुसरा डोळा झाकायची पट्टी), टोपी आणि नेमबाजीची फ्रेम असेल तर ती आणा, बाकी छत्री आहे माझ्याकडे.