बूट मेन्यू मुका का?

स्क्रीन रीडर, म्हणजे आंधळ्यांना स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम, बोलतो तो ऑपरेटिंग सिस्टीम चालू झाल्यावर. त्याआधीचं सगळं मुकं! आणि एका मशीनवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन सिस्टीम ठेवल्या की निवड करायची असते ती नेमकी याच मुक्या टप्प्यावर.

ग्रबचा, म्हणजे मशीन सुरू होताना सिस्टीम निवडायला देणाऱ्या प्रोग्रामचा, मेन्यू आला की नाही, आंधळ्या माणसाला कळायला मार्ग नाही. अंदाजाने थांबायचं, डाउन ॲरो मोजून दाबायचा, एंटर मारायचा आणि कान टवकारून बसायचं: विंडोजचा स्क्रीन रीडर एनव्हीडीए बोलतोय की लिनक्सचा ऑर्का? कोणीच बोललं नाही तर? डिस्कची तपासणी चालू असेल, कर्नल (सिस्टीमचा गाभा) अडकला असेल, किंवा नुसता आवाज म्यूट असेल. तिन्हींची शांतता अगदी सारखी. त्यात अपडेटने मेन्यूत एखादी नवी ओळ घुसवली की मोजलेले ॲरो गेले खड्ड्यात.

ग्रबमध्ये सूर वाजवायची सोय आहे म्हणे. आहे ना! पण तो वाजतो पीसी स्पीकरवर (मशीनच्या आतल्या साध्या बीपवाल्या स्पीकरवर), आणि बऱ्याच लॅपटॉपवर तो ऐकूच येत नाही. सेक्युअर बूट (फक्त सही केलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणारं सेटिंग) बदलायला यूईएफआयमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरायचं तर डोळस माणूस शोधा, नाहीतर फोनचा कॅमेरा स्क्रीनसमोर धरा.

बरं, करणं अशक्य आहे असंही नाही. डेबियन या लिनक्सचा इन्स्टॉलर २०१३ पासून बोलतो. म्हणजे अख्खी सिस्टीम माझी मी टाकायची आणि रोज सुरू करताना मात्र नशिबावर सोडायचं?

वर फुकटचा सल्ला असतोच, ‘व्हर्च्युअल मशीन वापरा की, एका सिस्टीमच्या आतच दुसरी चालवा.’ अहो, तिथे दोन स्क्रीन रीडर एकाच इन्सर्टवरून (दोघांनाही हुकूम द्यायची कळ तीच) भांडतात, ते कोण सोडवणार?