व्यायाम दणक्यात सुरू करा!

व्यायाम कायमचा सोडायचा असेल, तर तो आधी दणक्यात सुरू करायला हवा. रोज संध्याकाळी गुपचूप वीस मिनिटं चालून येणारी माणसं या कामात अगदी कुचकामी ठरतात. ती वर्षानुवर्षं चालतच राहतात.

पहिल्यांदा खरेदी उरकून घ्या. बूट, घाम टिपणारे कपडे, पावलं मोजणारं घड्याळ. आरशासमोर एकदा सगळं चढवलं की निम्मा व्यायाम झाल्यासारखं वाटतं. उरलेला निम्मा फोटो टाकण्यात होतो.

मग लक्ष्य. दिवसाला 10,000 पावलं, एकही कमी नाही. हा आकडा एखाद्या डॉक्टरने नव्हे, तर 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकणाऱ्यांनी लोकप्रिय केला, हे कुणी सांगू लागलं तर कानांवर हात ठेवा. नऊ हजारांवर अडकलात की दिवस फुकट गेला असं समजून आडवे व्हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या नादी तर मुळीच लागू नका. मोठ्या माणसांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करावा, म्हणजे भरभर चाललं तरी पुरे, असं ती म्हणते. वर 2020 मध्ये तिने सलग दहा मिनिटांची जुनी अटही काढून टाकली! आता दोन मजले जिना चढला तरी तो हिशेबात. अशाने ‘वेळच मिळत नाही’ म्हणणाऱ्यांनी जायचं कुठे?

पहिल्याच दिवशी जीव तोडून घाम गाळा. बैठका, जोर, वजनं, जे दिसेल ते. सवय नसलेल्या स्नायूंचं दुखणं साधारण एक ते तीन दिवसांत कळसाला पोचतं, त्यामुळे तिसऱ्या दिवशी खुर्चीतून उठतानाचा तुमचा आवाजच घरच्यांना पटवून देईल की हे प्रकरण तुमच्या प्रकृतीला मानवत नाही.

त्यानंतर मूडची वाट बघा. दात घासायला आपण मूडची वाट बघत नाही, पण तो विषय निराळा. काही चलाख लोक ‘ऑफिसातून आलो की बूट न काढता थेट चालायला’ असं आधीच ठरवून टाकतात, शिवाय एखाद्या मित्राला खाली उभं करून ठेवतात. म्हणजे नाही म्हणायची सोयच संपली. अशा मित्रांपासून सावध राहा.

सवय 21 दिवसांत लागते यावर मात्र गाढ श्रद्धा ठेवा. लंडनच्या संशोधकांना सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागलेले दिसले. कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा त्यांचा अंदाज. तेव्हा बाविसाव्या दिवशीही अंथरुणातून उठवत नसेल, तर ‘आपल्यात ती जिद्दच नाही’ असा निष्कर्ष काढायला तुम्ही मोकळे. एखादा दिवस चुकल्याने सवयीचं फारसं बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात निघालं होतं. ते विसरा. एक दिवस चुकला म्हणजे सगळं मोडलं, आता नव्याने सुरुवात थेट सोमवारी. सोमवारी पाऊस आला तर एक तारखेला. आणि एक तारीख नेमकी बुधवारी आली, तर भरल्या आठवड्यात मधूनच कोण सुरू करतं?