छोटा साप चालेल

आमच्या सर्पमित्र गटाची बातमी काल संध्याकाळी लागली. त्यात गटाचा अधिकृत प्रवक्ता, म्हणजे मी, नऊ सेकंद. तिसऱ्या मजल्यावरचे नाना चाळीस सेकंद. घड्याळ लावून मोजलंय.

तयारी मात्र मी केली होती, नानांनी नव्हे. टीव्हीवरचा बाइट, म्हणजे बोलण्याचा तुकडा, दहा-पंधरा सेकंदांच्या पुढे टिकत नाही, म्हणून मुद्दे तीनच आणि प्रत्येक एका दमात संपणारा: चावलेला हात-पाय हलवू नका, आवळून बांधू नका, चिरू नका; थेट सरकारी दवाखाना गाठा; साप मारून सोबत आणू नका, कारण नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर प्रतिविष एकच. उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं, कारण प्रश्न कापला जातो. त्यातून मराठीत नकार शेवटी येतो, ही मोठीच पंचाईत. ‘साप दूध पितो हे खरं नाही’ म्हणालात, की कात्री ‘पितो’ला लागते आणि तुम्ही गावभर दूधवाले ठरता. त्यापेक्षा ‘साप उंदीर-बेडूक खातो’ म्हणावं आणि तोंड मिटावं.

बारीक चौकड्यांचा शर्ट कॅमेऱ्यात लवलवतो, तेव्हा साधा आकाशी. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर, वायर शर्टाच्या आतून. पंखा बंद, फ्रीजही बंद, त्याची घरघर माइक बरोब्बर पकडतो. नंतर फ्रीज सुरू करायची आठवण राहावी म्हणून गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवायची असते. मी ठेवली नाही. दोन लिटर दूध नासलं. अशा वेळी वाटतं, पीत असता साप तर बरं झालं असतं.

वार्ताहर आला तोच विचारत, “सर, हाताशी एखादा साप आहे का? व्हिज्युअल पाहिजे.” मी समजावलं: साप घरात ठेवणं, कॅमेऱ्यापुढे खेळवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली गुन्हा आहे; पकडला की वन विभागाला कळवून सोडून द्यायचा. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. “बरोबर आहे सर. मग छोटा चालेल.”

तेवढ्यात नाना. कॅमेरा दिसताच बनियनवर आलेले नाना वर गेले आणि सिल्कचा झब्बा, वर अत्तर, असे अवतरले. माझ्या खांद्यामागे उभे. कॅमेरामन म्हणाला, “काका, फ्रेमच्या बाहेर व्हा.” नाना एक पाऊल सरकले, म्हणजे आता माझ्या दुसऱ्या खांद्यामागे. तिथून त्यांनी कंगवा काढला. मी प्रतिविषावर आलो होतो, तर मागून आवाज, “डूख धरण्याचं सांग की!”

वार्ताहराचा माइक माझ्या डोळ्यांदेखत वळला.

“जोडीतला नर मारला होता मी. मादीनं सात वर्षं पाठलाग केला.”

“तीच मादी, हे कशावरून?”

“नजर! लातूरला बदली झाली माझी, तर तिथंही हजर.”

“लातूरला कशी आली?”

“ते आता एसटीवाल्यांना विचारा.”

हे सगळं दाखवलं. नानांच्या नावाखाली पट्टी, ‘सर्पतज्ज्ञ’. माझ्याखाली, ‘स्थानिक रहिवासी’.

पट्टीचं जाऊ द्या. (जात नाहीये, पण जाऊ द्या.) 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशानं अंदाजे 12 लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी 58 हजार, त्यातली निम्मी जून ते सप्टेंबरात. हे वाक्य तीन वेळा बोललो, तिन्ही वेळा उडालं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश धड दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, घरचे ओवा देतात, आणि पापण्या मिटायला लागेपर्यंत कुणाला काही कळत नाही. चाळीस सेकंदांत हे दोनदा सांगून झालं असतं. पण मण्यार एसटीनं प्रवास करत नाही ना!

सकाळपासून गटाच्या नंबरवर सहा फोन आले. पाच जणांना नानांचा नंबर हवा होता. सहावा फोन नानांचाच, आवाज एकदम बारीक.

“अरे, जिन्यात साप आलाय. लवकर ये. आणि... मादी आहे का, तेवढं बघशील?”