शंभराच्या स्टँपवर मिटवलेला अंगठा

2017 साली मी वाघोलीकडच्या एका बिल्डिंगच्या साइटवर हजेरी लिहायचो. सेंट्रिंगचा प्लाय कापताना एका कारागिराचा उजवा अंगठा कटरमध्ये गेला. तिशीचा गडी, मुखेडकडचा. कटरचं गार्ड काम उरकायला आडवं येतं म्हणून आधीच काढून ठेवलेलं. मुकादमाने हाताला गमछा गुंडाळला, ठेकेदाराने गाडीत घातलं आणि मी वहीत त्याच्या नावापुढे अर्धा दिवस लावला. बारा वाजले होते, अर्धाच होत होता.

दोन आठवड्यांनी ऑफिसातून निरोप आला, मिटवून टाका. मजकूर मीच टाईप केला. 'अपघात माझ्या निष्काळजीपणामुळे झाला, 25,000 रुपये रोख मिळाले, यापुढे माझी वा माझ्या वारसांची काहीही तक्रार राहणार नाही.' त्याला सही येत होती, पण उजव्या हाताने. म्हणून खाली 'नि. डा. अं.' लिहून डावा अंगठा उठवून घेतला. जाताना तो मलाच 'साहेब, लई उपकार झाले' म्हणाला.

पुढे चार वर्षांनी एका वकील मित्राला हे सहज सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, तो कागद रद्दी आहे. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचं कलम 17 सांगतं की कामगाराने हक्क सोडल्याचा करार मुळातच रद्दबातल. तडजोड करायचीच तर ती याच कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते. आणि साधा निष्काळजीपणा हे भरपाई नाकारायला कारणच नाही. दारू पिऊन काम केलं, मुद्दाम सुरक्षेचा नियम मोडला किंवा गार्ड स्वतः जाणूनबुजून काढलं, अशी मोजकी कारणं आहेत. इथे गार्ड कुणी काढलं होतं ते मला पक्कं माहीत होतं.

मग त्याने हिशेब मांडला. कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला म्हणजे कमाईची ताकद 30 टक्के गेली असं धरलंय. तेव्हा पगार कितीही जास्त असो, महिना 8,000 च धरायचे. त्याचे 60 टक्के 4,800. कायद्यात वयानुसार गुणक दिलेत, तिसाव्या वर्षाचा 207.98. गुणाकार करून त्याचे 30 टक्के काढले की होतात 2 लाख 99 हजार. वर दवाखान्याचा खर्च मालकाने वेगळा द्यायचा, तो भरपाईतून वजा करता येत नाही. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज. 2020 च्या जानेवारीत 8,000 ची मर्यादा 15,000 झाली. त्यानंतरच्या अपघाताला त्या हिशेबाने साडेपाच लाखांच्या वर.

आम्ही 25 हजारांत मिटवलं होतं.

'ठेकेदार पळाला, आता कुणाला धरायचं?' हे मजूर नाक्यावर हमखास ऐकू येतं. ठेकेदाराच्या माणसाची भरपाई बिल्डरकडूनही मागता येते, नंतर त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. 2019 ला पुण्यात कोंढव्यात भिंत पडून मजूर कुटुंबांतले 15 जण गेले तेव्हा टीव्हीवाले, मंत्री सगळे आले. एकाचा अंगठा जातो तेव्हा फक्त हजेरीवाला येतो, स्टँप पेपर घेऊन.

माझ्या मते लढाई कोर्टात हरत नाही, पहिल्या आठवड्यातच हरते. 'हा माणूस आमच्याकडे कामालाच नव्हता', एवढं ठेकेदाराने म्हटलं की संपलं. म्हणून हजेरीच्या पानाचा, खर्चीच्या (खर्चाला दिलेल्या उचलीच्या) चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दवाखान्यात 'घरी पडलो' असं लिहू देऊ नका, साइटचं नाव सांगून एमएलसी (पोलिसांना कळवायची अपघाताची नोंद) करायला लावा. सोबतच्या दोघांचे नंबर घ्या, कारण पुढच्या स्लॅबला ते दुसऱ्याच गावात असतात. दावा दोन वर्षांत लावायचा. उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळू शकते, पण त्या भरवशावर बसू नका. (21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. नव्या अपघाताला मुदत आणि कलमं वकिलाकडून ताडून घ्या.)

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कामगाराला फुकट वकील देतं, फोन 15100. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी असेल तर तिथली मदत वेगळी. पण त्यासाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो द्यायला ठेकेदार किती खळखळ करतो हे मी त्याच खुर्चीत बसून पाहिलंय.

'केस केली तर नाक्यावर काम मिळणार नाही' ही भीती खोटी नाही. तिला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच सांगतो, अंगठा गेलेल्या माणसाला तसंही कुणी सेंट्रिंगला उभं केलं नाही. आमच्याच साइटवर तो पुढे दोन महिने पाणी मारत होता, बिगाऱ्याच्या हजेरीवर. ती हजेरीही मीच लिहायचो.